दारातला मोरपंखी भोपळा

ऑक्टोबरची ३१ तारीख. अमेरिकेत अंधार पडू लागतो, रस्त्यावरचे दिवे लागतात आणि घराघरांच्या बेल वाजायला सुरुवात होते. दार उघडावं तर समोर एक चेटकीण, एक हाडांचा सापळा, एक वाघ आणि आईच्या कडेवर भोपळ्याचा गोल झगा घातलेलं गुबगुबीत बाळ. सगळे एका सुरात ओरडतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट!’ म्हणजे खाऊ द्या, नाही तर खोडी काढतो. दार उघडणाऱ्याने थोडं घाबरल्यासारखं करायचं, वेशाचं कौतुक करायचं आणि प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी टाकायचं. हा हॅलोविन.

आज मला बोलायचं आहे ते या ‘काहीतरी’बद्दल. गेली साठ-सत्तर वर्षं त्याचा अर्थ गोळ्या आणि चॉकलेटं असाच झाला आहे. पण गोड नसलेलं, किंबहुना खाण्याचं नसलेलं, खिशाला परवडणारं आणि तरीही मुलांचे डोळे चमकतील असं काही देता येतं का? विषय वरवर पाहता किरकोळ आहे, आणि सण तर परका. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत. ऑक्टोबरात तिकडे गेलेल्या आजी-आजोबांकडे त्या संध्याकाळी हमखास एक काम येतं, ते म्हणजे दार उघडण्याचं. लेक-जावई मुलाला घेऊन गल्लीत फिरायला जातात आणि घरी आजी एक भलं मोठं भांडं मांडीवर घेऊन बसते. त्या भांड्यात काय असावं, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण पुढच्या गोष्टीला त्याचा उपयोग आहे. हॅलोविन हे नाव म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, याचं आखूड झालेलं रूप. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा. त्याच सुमाराला आयर्लंड-स्कॉटलंडकडे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा एक जुना केल्टिक सणही होता. या दिवसांत इंग्लंडात गरीब माणसं आणि मुलं दारोदार जात. घरातल्या मेलेल्या माणसांसाठी दुआ मागत आणि त्याबद्दल त्यांना ‘सोल केक’ नावाची छोटी गोल पोळी मिळे. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत आली, तेव्हा त्यांच्याबरोबर हे सारं समुद्र ओलांडून आलं. मायदेशी ती सलगम कोरून आत दिवा ठेवत. इथे भोपळा मुबलक आणि कोरायलाही सोपा, म्हणून दिवा भोपळ्यात गेला.

मुलांनी वेश करून घरोघर जाण्याची आजची पद्धत अमेरिका आणि कॅनडात रुजली ती १९२०-३० च्या दशकांत. आणि मंडळी, तेव्हा मुलांच्या पिशवीत काय पडत असे? सफरचंदं, अक्रोड, घरी भाजलेली बिस्किटं, मक्याच्या लाह्यांचे लाडू, सुटी नाणी, एखादं छोटं खेळणं. ज्या घरात जे असेल ते. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ ते १९४७ अमेरिकेत साखर रेशनवर होती. रेशन उठलं, शहरांबाहेर नव्या वसाहती झाल्या, त्यांत मुलंच मुलं, आणि गोळ्या-चॉकलेटांच्या कारखानदारांना या संध्याकाळीची किंमत कळली. १९५० नंतर हळूहळू कागदात गुंडाळलेला छोटा तुकडा हाच हॅलोविनचा खाऊ ठरला.

घरी केलेल्या खाऊला उरलीसुरली जागा होती ती भीतीने घालवली. १९७४ मध्ये टेक्सस राज्यात एका बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्याच मुलाला हॅलोविनच्या गोडातून सायनाइड दिलं. देश हादरला. अनोळखी माणसं मुलांच्या खाऊत विष घालतात, सफरचंदात ब्लेड खुपसतात, अशा बातम्या दरवर्षी फिरू लागल्या. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी घरातून मिळालेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याची खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. पण भीती आकडेवारी ऐकत नाही. कारखान्यातून बंद होऊन आलेलाच खाऊ आईबाप घरात येऊ देतात, हा रिवाज कायम झाला. तेव्हा एखाद्या आजीला वाटलं की आपण बेसनाचे लाडू वळून वाटावेत, तर तिने तो मोह आवरावा. घराबाहेर पडल्या पडल्या ते लाडू टाकून दिले जाण्याचीच शक्यता जास्त. वाईट वाटून घेऊ नये, तिकडचा रिवाज तसा आहे.

आता मुद्द्यावर येते. बंद वेष्टनातला खाऊ सगळ्यांना चालतो का? चालत नाही. अमेरिकेत साधारण तेरा मुलांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची अ‍ॅलर्जी आहे, असा तिथल्या या क्षेत्रातल्या संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे शाळेच्या एका वर्गात सरासरी दोन मुलं. ही अ‍ॅलर्जी म्हणजे ‘सोसत नाही’, ‘बाधतं’ एवढ्यापुरती नसते. शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. वेळेवर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. अशा मुलांच्या आया ते इंजेक्शन पर्समध्ये सतत बाळगतात. हॅलोविनच्या सुमाराला शेंगदाण्यामुळे अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येऊन रुग्णालयात येणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढतं, असं कॅनडात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने दूध, अंडं, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणा, बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू आणि सोयाबीन या आठ गोष्टी वेष्टनावर स्पष्ट लिहिणं सक्तीचं केलं. २०२१ च्या कायद्याने त्यात तीळ आला आणि २०२३ च्या पहिल्या दिवसापासून तेही लिहावं लागतं. कायदा चांगला आहे. पण हॅलोविनच्या रात्री तो थोडा लुळा पडतो. मोठी पिशवी विकत घेतली की तिच्यावर सगळी यादी असते. आतल्या बोटभर तुकड्यावर ती पुष्कळदा नसते. तो तुकडा मुलाच्या पिशवीत जातो आणि यादी दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राहते. शिवाय त्याच नावाच्या मोठ्या आणि छोट्या चॉकलेटातले घटक किंवा ती बनवण्याची जागा वेगळी असू शकते.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे होते, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आमच्या लोकांपैकी काही घरं हा दिवस पाळत नाहीत. भाचीच्या घरातही सजावट वगैरे काही नव्हती. पण शाळेतली सगळी मुलं जाणार आणि आपलं पोर खिडकीत उभं राहून बघणार, हे तिला बघवेना. त्याला वाघ करून ती तासभर फिरवून आली. घरी आल्यावर त्याने पिशवी गालिच्यावर उपडी केली. मला वाटलं, आता हा तुटून पडणार. त्याने हातसुद्धा लावला नाही. मांडी घालून बसला आणि एकेक तुकडा उचलून आईकडे देऊ लागला. ती चष्मा लावून वाचायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. शेंगदाणा असलेलं डावीकडे. काहीच लिहिलेलं नसलेलं डावीकडे. जिलेटिन असलेलं, तेही डावीकडे, कारण ते बहुधा डुकराच्या नाही तर गुरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात आणि हलाल आहे की नाही कळायला मार्ग नसतो. चाळीसएक तुकड्यांतले उजवीकडे सात उरले. पोराने चकार शब्द काढला नाही. त्याला सवय होती, आणि सहा वर्षांच्या मुलाला अशी सवय असावी याचंच मला वाईट वाटलं. शेवटी पिशवीच्या तळाशी वटवाघळांची चित्रं असलेली एक पेन्सिल निघाली. त्याने विचारलं, ‘अम्मी, हे वाचायचं का?’ ती म्हणाली, ‘नाही रे, हे वाचायचं नाही. हे तुझं.’

न खाण्याच्या वस्तूचं सगळं महत्त्व मला त्या एका वाक्यात सापडलं. ती वाचावी लागत नाही. शेंगदाणा न चालणाऱ्या मुलाला ती चालते, दूध न चालणाऱ्याला चालते, मधुमेहामुळे जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्या मुलीला चालते. दातांना तारा लावलेल्याला चालते. जिलेटिन न खाणाऱ्या जैन, वैष्णव, मुसलमान, ज्यू घरांत चालते. इतक्या वेगवेगळ्या कारणांनी अडणाऱ्या मुलांना एका दारात एकच गोष्ट देता येते, आणि कुणाला कारण सांगावं लागत नाही.

ही गोष्ट अमेरिकेतल्या एका छोट्या गटाच्या आधीच लक्षात आली होती. टेनेसी राज्यात अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी दारात वेगळ्या रंगाचा भोपळा ठेवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या राष्ट्रीय संस्थेने ती कल्पना देशभर नेली. रंग निवडला टील, म्हणजे आपला मोरपंखी, कारण अन्नाच्या अ‍ॅलर्जीविषयी जागृतीचा तोच रंग आहे. पद्धत अगदी सोपी. भोपळा मोरपंखी रंगवायचा किंवा तशा रंगाच्या कागदाचा कापून दारावर लावायचा. त्याचा अर्थ असा की या घरी खाऊखेरीज दुसरंही काही मिळेल. अट एकच, ते वेगळ्या भांड्यात ठेवायचं. चॉकलेटाच्या ढिगात पेन्सिली खोचून ठेवल्या तर फुटलेल्या वेष्टनातला चुरा त्यांना लागू शकतो. गोळ्या-चॉकलेटं बंद करा, असं हा भोपळा सांगत नाही. खुशाल द्या. शेजारी दुसरं भांडं ठेवा, एवढंच.

पण मुलांना ते आवडेल का? गोळी सोडून पेन्सिल कोण घेईल, असं मोठी माणसं लगेच म्हणतात. हे तपासून पाहिलेलं आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी कनेक्टिकट राज्यातल्या काही घरांच्या दारांत हॅलोविनच्या रात्री दोन थाळ्या ठेवल्या. एकीत ओळखीच्या कंपन्यांच्या गोळ्या, दुसरीत लहानसहान खेळणी. ताणले जाणारे रबरी भोपळे, अंधारात चमकणारे मोठे किडे, स्टिकर आणि पेन्सिली. ३ ते १४ वर्षांची २८४ मुलं आली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी गोळ्या जितक्या घेतल्या जवळजवळ तितकीच खेळणी घेतली, आणि मुलगे-मुली यांत फरक दिसला नाही. मोठ्यांना वाटतं तितकी मुलं गोडघाशी नसतात. त्यांना पिशवीत पडणारी मजा हवी असते.

यातून एक धडा घ्यावा. मुलाला निवडू द्यावं. ‘तुला अ‍ॅलर्जी आहे का?’ असं चार दोस्तांसमोर विचारलं की ते पोर कानकोंडं होतं. दोन भांडी पुढे करावीत आणि म्हणावं, ‘यातलं हवं ते एक घे.’ कुणी काय घेतलं आणि का घेतलं, हे ज्याचं त्याच्यापाशी राहतं.

आता भांड्यात काय ठेवावं ते सांगते. सगळ्यात सोपी वस्तू पेन्सिल. सणाची चित्रं असलेल्या पेन्सिली डझनाच्या पुडक्यात मिळतात. त्यानंतर स्टिकर आणि पाण्याने अंगावर उमटणारी चित्रं, ज्याला तिकडे तात्पुरता टॅटू म्हणतात. चार खडूंची छोटी पेटी. अंगणात रेघोट्या मारायचा जाड खडू. साबणाच्या पाण्याचे फुगे काढायची चिमुकली बाटली. पुस्तकात ठेवायची खूण. तळहाताएवढी चित्र-कोड्यांची वही. रबरी शिक्का. बोटात घालायची कोळ्याची अंगठी, जी बघून मुलं एकमेकांना घाबरवतात. जरा मोठ्या मुलांना बाळबोध वस्तू दिली की ती नाक मुरडतात. त्यांच्यासाठी पत्त्यांचा छोटा कॅट, शिसं बदलायची पेन्सिल किंवा बुटांच्या रंगीत नाड्या ठेवाव्यात. शिट्टीही स्वस्त असते, पण ती देणाऱ्याला मुलांच्या आईबापांच्या शिव्या खाव्या लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

एका वस्तूला मी वरचा क्रमांक देईन. मोडल्यावर अंधारात चमकणारं कडं. मुलांना ते त्या क्षणी हातात घालायला मिळतं आणि त्याचा दुसरा उपयोग फार मोठा आहे. हॅलोविनची खरी भीती भुतांची नाही, मोटारींची आहे. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की त्या संध्याकाळी पायी चालणारा माणूस मोटारीखाली मरण्याचा धोका आजूबाजूच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो. काळे झगे घातलेली मुलं अंधारात रस्ता ओलांडतात आणि चालवणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून चमकणारं कडं किंवा मोटारीच्या दिव्यात लखलखणारी चिकटपट्टी दिली, तर ते मूल पुढच्या दहा घरांपर्यंत जरा सुखरूप जातं. मात्र ते कडं चावायचं नाही, असं बजावून द्यावं. आतलं पाणी कडवट असतं आणि तोंडा-डोळ्यांची आग करतं.

काही गोष्टी मात्र चुकूनही देऊ नयेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग नसावेत असा तिकडे नियम आहे, आणि त्याचं मापही ठरलेलं आहे. सव्वा इंच व्यासाच्या एका नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, असं धरतात. घरी हे पाहायचं तर टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी घ्यावी. ती थोडी मोठी असते, म्हणून तिच्यातून जे आरपार जातं ते तान्ह्या भोपळ्याच्या हाती देऊ नये. उसळणारे छोटे चेंडू, चिमुकली खोडरबरं, अंगठ्या, सगळं त्यात आलं. रबरी फुगे तर टाळावेतच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटतो, म्हणून १९९४ च्या कायद्याने फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याची सूचना छापणं सक्तीचं केलं. काही मुलांना त्या रबराचीही अ‍ॅलर्जी असते. लुकलुकणाऱ्या स्वस्त खेळण्यातली बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. आणि एक गंमत. प्ले-डो नावाची रंगीत खेळायची माती न खाण्याची म्हणून आपण खुशाल देऊ. तिच्यात गहू असतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी तीही नको.

खर्चाचं काय? २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि चॉकलेटं चांगलीच महागली. त्या मानाने ही भांडी स्वस्तात भरतात. तिकडे डॉलर ट्री नावाची दुकानं आहेत. वर्षानुवर्षं तिथे बहुतेक वस्तू एका डॉलरला मिळत, २०२१ च्या अखेरीला तो भाव सव्वा डॉलर झाला. समजा, डझनभर पेन्सिलींचं पुडकं सव्वा डॉलरला मिळालं, तर पेन्सिल दहा सेंटच्या आसपास पडते. पाच पुडक्यांत साठ मुलं, खर्च सव्वासहा डॉलर. शंभर स्टिकरांचं पुडकं तीन-तीनच्या पट्ट्या कापून वाटलं की तेहतीस मुलं झाली. आणखी एक फायदा असा की उरलेल्या गोळ्या घरात बसून आपणच खातो. उरलेल्या पेन्सिली डब्यात घालून ठेवल्या की पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा कामाला येतात. सण संपल्यावर दुसऱ्या दिवसापासून दुकानदार हा माल उतरत्या भावात काढतात. चतुर बायका पुढच्या वर्षाची खरेदी तेव्हाच करतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्वस्त म्हणजे पुष्कळदा प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकचं खेळणं संध्याकाळी मिळून सकाळी कचऱ्यात जातं. गोळी निदान पोटात तरी जाते. म्हणून घेताना एकच प्रश्न विचारावा. ही वस्तू उद्या सकाळी मुलाच्या कामाची असेल का? पेन्सिल असेल, खडू असेल, वही असेल. फिरवला की मोडणारा भिंगरीचा चक्कर नसेल. या चाळणीतून भांडं गाळलं की ते थोडं लहान होतं, पण बरं होतं.

पैसे हाही न खाण्याचाच खाऊ. पूर्वी मुलांच्या पिशवीत सेंटाची नाणी पडत, ज्याला तिकडे पेनी म्हणतात. अमेरिकेच्या टांकसाळीने २०२५ च्या नोव्हेंबरात चलनातली शेवटची पेनी पाडली, तेव्हा ती प्रथाही आता आठवणीत जाईल. पण त्या सुट्या नाण्यांनी एक मोठं काम करून ठेवलं आहे. १९५० मध्ये फिलाडेल्फियात एका पाद्र्याच्या कुटुंबातल्या आणि आसपासच्या मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांना चिरा पाडल्या आणि दारोदार खाऊऐवजी पैसे मागितले, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या मुलांसाठी. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले आणि ते युनिसेफला गेले. पुढे तो नारिंगी डब्यांचा उपक्रम देशभर पसरला. मागायला निघालेल्या मुलांनीच दुसऱ्या मुलांसाठी मागितलं, ही त्या सणाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

आणि आपल्या बायकांना तर हे सगळं शिकवायची गरजच नाही. मी ज्या वाड्यात वाढले तिथे संक्रांतीला शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं वाण लुटायच्या. पंधरा दिवस आधी त्या होलसेल बाजारात जायच्या. चाळीस गाळण्या, नाही तर चाळीस फण्या, चाळीस वाट्या. रुपया-दोन रुपयांची वस्तू, पण निवडताना किती चोखंदळपणा! घरात वापरता यायला हवी, सगळ्यांना चालायला हवी, एकीला एक आणि दुसरीला दुसरं असं व्हायला नको, आणि एखादी अवचित आली तर कमी पडायला नको, म्हणून चार जास्तीच्या. माझ्या अम्मीला त्या गाळणी आवर्जून घरी आणून द्यायच्या. आमच्या घरी तीन संक्रांतींच्या तीन गाळण्या होत्या आणि चहा त्यांतूनच गाळला जायचा. दसऱ्याला तर आपण झाडाचं पान देऊन सोनं म्हणतो. ईदला आम्हा मुलांच्या मुठीत ईदीचं नाणं यायचं, शीरखुर्मा वेगळा. स्वस्तातली, खाण्याची नसलेली आणि मानाने दिलेली वस्तू म्हणजे काय, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरच्या आगेमागेच आलं होतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या आठवड्यात पणत्या आणि भोपळे एकमेकांच्या शेजारी होते.

तेव्हा या ऑक्टोबरात तुम्ही तिकडे असाल, तर लेकीला आधीच विचारून ठेवा की मागच्या वर्षी किती मुलं आली होती. त्या आकड्यात दहा मिळवा. दारात मोरपंखी भोपळा ठेवा, खरा नसला तर कागदाचा. दोन भांडी, मध्ये थोडं अंतर. काही मुलं ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणणार नाहीत. कुणी लाजाळू असतं, कुणाला बोलता येत नसतं, कुणी वेशच घातलेला नसतो, कारण अंगाला टोचणारे कपडे त्याला सोसत नाहीत. कुणी वयाने थोराड दिसतं. त्यांनाही द्या, काही विचारू नका. भांडं थोडं खाली धरा, म्हणजे सगळ्यात लहान मुलालाही आतलं दिसेल, आणि घाई करू नका. निवडायला वेळ लागतो. एखादं मूल पेन्सिल हातात घेऊन उलटीपालटी करून बघेल, मागे उभ्या असलेल्या आईकडे वळेल. आईने मान हलवली की ते हसेल. तेवढं बघायला मिळावं म्हणून तरी दार उघडायचं काम आपण आनंदाने करावं.